अर्थिंग : इमारतीची सामाईक मिळकत

(समाजाच्या वार्षिक संमेलनात शिवाजी पेठेतील सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘अर्थिंग’ असे उत्तर दिले. दूरध्वनीवर त्यांना ते ‘अर्थकारण’ असे ऐकू आले आणि कार्यक्रमपत्रिकेत तसे छापलेही गेले. त्यामुळे पैशाची गुंतवणूक कोठे करावी हे ऐकण्याच्या अपेक्षेने जे बंधू आज पुढील रांगेत येऊन बसले आहेत, त्यांची आम्ही आरंभीच क्षमा मागतो. आम्हीही गुंतवणुकीविषयीच बोलणार आहोत. मात्र ती जमिनीत आठ फूट खोल पुरावयाची आहे.

आमची सारी हयात एका साखर कारखान्याच्या वीजविभागात गेली. निवृत्तीनंतर पेठेतील ओळखीच्या घरांतील वायरिंग पाहून द्यावे, कोणी बोलावले तर जावे, असा आमचा क्रम आहे. अर्थिंगला पुस्तकी मराठीत भूसंपर्कन म्हणतात. तो शब्द चांगला आहे. परंतु वायरमनपासून गृहिणीपर्यंत सर्व जण अर्थिंगच म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो.

ज्यांचे बालपण या पेठेत गेले, त्यांना जुने वाडे आठवत असतील. वाड्यास एक मीटर, मीटरखाली एक लाकडी फळी, तीवर चिनी मातीचे दोन फ्यूज आणि परसातील न्हाणीजवळ अर्थिंगचा खड्डा. न्हाणीचे पाणी त्या खड्ड्यापाशीच मुरत असे, त्यामुळे तो बाराही महिने ओला राही. हे कोणी फार विचारपूर्वक केलेले असे, असे आम्ही म्हणत नाही. पण परिणाम चांगला होई. घर एकाचे, मीटर एकाचे, खड्डा एकाचा. काही बिघडले तर धक्का बसणाराही घरातलाच आणि दुरुस्तीस पैसे काढणाराही घरातलाच. पुढे वाटण्या झाल्या, वाडे उतरविले गेले आणि त्याच जागांवर तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. आज आपल्या समाजातील निम्म्याहून अधिक कुटुंबे अशा सदनिकांत राहत असावीत. जिन्याखाली मीटरांची ओळ लागली. प्रत्येकाचे मीटर वेगळे, बिल वेगळे, मेन स्विच वेगळा. यावरून प्रत्येकाची वीजही वेगळी आहे, असा आपला समज होतो. तो समज किती खोटा आहे, हे आमच्याच इमारतीत घडलेल्या एका प्रसंगाने आम्हांस शिकविले.

आमची इमारत गांधी मैदानाकडून रंकाळ्याकडे जाणाऱ्या एका बोळात आहे. बारा बिऱ्हाडे आहेत. काही वर्षांपूर्वीची श्रावणातली गोष्ट. सकाळी स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी हाक मारली, “अहो, नळाला मुंग्या येतायत बघा.” आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता उत्तर दिले, “ओल्या हाताला तसं वाटतं.” ज्याने चाळीस वर्षे विजेचे काम केले त्याचे हे उत्तर. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितले. आम्ही टेस्टर लावून पाहिला. त्यात मंद उजेड दिसला. ‘उद्या बघू’ असे म्हणून आम्ही टेस्टर खिशात ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावर राहणाऱ्या एक ताई मागच्या मोरीत कपडे धूत होत्या. त्या भाड्याने राहत. त्या फार सावध. कपडे धुण्यापूर्वी आपल्या घराचा मेन स्विच बंद करण्याची त्यांची नित्याची सवय होती आणि त्या दिवशीही तो बंदच होता. पाय पाण्यात, हात साबणाचा. त्यांनी नळ सोडण्यास हात लावला आणि तो नळालाच धरला गेला. किंचाळी ऐकून त्यांचा मुलगा धावला. त्याच्या पायांत रबरी चप्पल होती आणि कोपऱ्यात कपडे वाळत घालण्याची लाकडी काठी होती, एवढेच दैव. त्याने काठीने आईचा हात सोडविला. त्या मागे कोसळल्या, मनगटाचे हाड मोडले, दोन दिवस रुग्णालयात राहिल्या आणि परत आल्या. परत आल्यावर आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न आम्ही विसरू शकत नाही : “काका, मी तर मेन बंद केला होता. मग करंट कुणाचा?”

करंट तिसऱ्या मजल्यावरील एका घराच्या गिझरचा होता. गिझरच्या कॉईलवरील धातूचे कवच फुटून आतील फेज पाण्याशी आणि टाकीच्या पत्र्याशी भिडली होती. त्या घरात मात्र कोणास काहीच जाणवले नव्हते. असे का व्हावे?

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. आपल्या घरात दोन तारा येतात : फेज आणि न्यूट्रल. न्यूट्रल ही डीपीजवळ, म्हणजे रस्त्यावरील ट्रान्सफॉर्मरजवळ, जमिनीत जोडलेली असते. म्हणून फेज आणि जमीन यांत २३० व्होल्टचा दाब असतो आणि फेजला शिवलेला मनुष्य ओल्या जमिनीवर उभा असेल तर त्याच्या देहातून वीज जमिनीकडे धावते. ओल्या त्वचेच्या देहाचा विरोध ढोबळमानाने १,००० ओम धरला, तर २३० मिलिअँपिअर वीज देहातून जाते. एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या सुमारास स्नायू आखडून हात सुटत नाही. तीस-चाळीसच्या पुढे काही क्षण गेले तर हृदयाचा ताल बिघडू शकतो. आपण घरात ज्या एमसीबीवर विसंबून राहतो तो १६ किंवा २० अँपिअरचा, म्हणजे १६,००० किंवा २०,००० मिलिअँपिअरचा असतो. तो तारा जळू नयेत म्हणून बसविलेला आहे. माणूस मरू नये म्हणून नव्हे. हा भेद आपल्या लोकांस कोणी समजावून सांगत नाही.

अर्थिंगची हिरवी तार ही तिसरी. गिझर, फ्रिज, धुलाईयंत्र, इस्त्री यांच्या धातूच्या अंगाला ती जोडलेली असते आणि खाली खड्ड्यातील नळीपर्यंत जाते. अंगाला फेज लागली तर विजेने देहातून न जाता या तारेने जमिनीत जावे, हा हेतू. आपल्या तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब का असते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? लांब अशासाठी की प्लग खोचताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे; जाड अशासाठी की ती चुकून फेजच्या छिद्रात शिरू नये. ज्या कारागिराने हे योजिले त्याने आपल्या मुलाबाळांचा विचार केलेला आहे, आणि आपण दोन पिनांचा प्लग लावता यावा म्हणून त्या वरच्या छिद्रात पेन्सिल खुपसून झडप उघडतो.

आता आमच्या इमारतीकडे परत येऊ. खड्डा दर्शनी बाजूस, फाटकाजवळ होता. दोन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक बसविले तेव्हा खड्ड्याचे झाकण फरशीच्या पातळीच्या वर येते म्हणून काढले गेले, नळीचे तोंड दाबले गेले आणि पट्टी तुटली. अंगण फार सुरेख दिसू लागले; आम्हीही त्या कामाची वाखाणणी केली होती. पूर्वीच्या एका वायरमनने गच्चीवर हिरवी तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधून ठेवली होती. जुन्या काळी ही पद्धत होती. नळ जमिनीखालून दूरवर गेलेला असे आणि तो उत्तम अर्थिंग म्हणून चाले. परंतु मधल्या काळात गंजलेला खालचा नळ काढून प्लंबरने प्लास्टिकचा घातला. प्लास्टिकमधून वीज जात नाही. परिणाम असा झाला की इमारतीतील सर्व हिरव्या तारा आणि सर्व लोखंडी नळ एकमेकांस जोडलेले, पण जमिनीशी कोणाचाच संबंध नाही. झाडाच्या फांद्या शाबूत आणि मूळ कापलेले, अशी ती अवस्था. तिसऱ्या मजल्यावर गिझर लावला की सर्व घरांतील नळ २३० व्होल्टच्या जवळ जात. वरच्या मजल्यांवर कोरड्या फरशीवर उभ्या असलेल्यास केवळ मुंग्या येत. तळमजल्यावरची मोरी मात्र थेट ओल्या मातीवर. इमारतीचे अर्थिंग म्हणून त्या दिवशी काम केले ते त्या ताईंच्या देहाने.

आणि मेन स्विच? मेन स्विच फेज आणि न्यूट्रल तोडतो. हिरवी तार तो कधीही तोडीत नाही, तोडूही नये. नळ तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणून आपला मेन बंद असला तरी शेजाऱ्याचा दोष आपल्या घरात येऊ शकतो.

या प्रसंगात अपराधी कोण? आमच्या इमारतीच्या सभेत यावर दोन तास चर्चा झाली. गिझरवाले म्हणाले, “गिझर माझा, पण अर्थिंग सगळ्यांचं.” ते खोटे नव्हते. पेव्हर बसविणाऱ्यास त्या झाकणाखाली काय आहे हे कोणी सांगितले नव्हते. प्लंबरने नळ चांगलाच बसविला. वायरमनने तार बांधली त्या वेळी ती योग्य होती. आणि ज्याला सारे कळत होते तो मनुष्य टेस्टर खिशात घालून वर्तमानपत्र वाचीत बसला होता. सभेत आम्ही हे सांगितले. कोणी काही बोलले नाही.

पैशाचा प्रश्न निघाला तेव्हा एका गृहस्थांनी मत दिले की ज्यांना धक्का बसला त्या भाडेकरू आहेत, त्यांच्या घरमालकाने खड्डा खणून घ्यावा. हे मत पेठेतील अनेक इमारतींत ऐकावयास मिळते, म्हणून त्याचे उत्तर देतो. १९७० च्या महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमात सामाईक क्षेत्रे आणि सोयी कोणत्या, याची व्याख्या दिली आहे. तीत जमीन, पाया, खांब, जिने यांबरोबर वीज, पाणी इत्यादी मध्यवर्ती सेवांची यंत्रसामग्रीही येते. आपल्याकडील बहुतेक लहान ‘अपार्टमेंट’ याच अधिनियमाखाली घोषणापत्र करून झालेल्या आहेत. ज्या सहकारी संस्था आहेत त्या १९६० च्या अधिनियमाखाली. कोठलाही मार्ग असो, अर्थिंगचा खड्डा आणि तेथवर जाणारी मुख्य पट्टी ही जिन्याइतकीच सामाईक आहे. तळमजल्याच्या माणसाने जिना वापरला नाही तरी तो जिन्याच्या दुरुस्तीस वर्गणी देतो, तेच येथे. अखेर खर्च बारा घरांवर वाटला, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्यास एका साध्या मिक्सरच्या किमतीहूनही कमी रक्कम आली.

येथे कोणी म्हणेल, ‘आमच्या इमारतीत खड्डा आहे, झाकण दिसते, म्हणजे आम्ही निर्धास्त.’ नव्हे. आता जे सांगतो ते कृपया ध्यान देऊन ऐकावे, कारण अनेक वायरमनांनाही ते ठाऊक नसते. समजा, खड्ड्याचा विरोध १० ओम आहे आणि डीपीजवळच्या अर्थिंगचा २ ओम. एका घरात गिझरच्या पत्र्याला फेज पूर्ण टेकली. २३० ला १२ ने भागले असता १९ अँपिअर येतात. गिझरचा एमसीबी २० अँपिअरचा आहे. तो पडणार नाही. १९ अँपिअर वीज अखंड जमिनीत वाहत राहील. बिल वाढेल, ही गोष्ट लहान. मोठी गोष्ट ही की खड्ड्याच्या १० ओमवर १९० व्होल्टचा दाब उभा राहील. आणि त्या खड्ड्याला जोडलेली हिरवी तार ज्या-ज्या घरात गेली आहे, त्या प्रत्येक घरातील फ्रिज, इस्त्री, धुलाईयंत्र यांच्या अंगावर तोच दाब येईल. म्हणजे जी तार रक्षणासाठी बसविली, तीच एका घरातील दोष बारा घरांत वाटून देईल. एका कुटुंबाच्या बंगल्यात या गोष्टीचे भय कमी. सदनिकांच्या इमारतीत ते घरांच्या संख्येबरोबर वाढते.

यावर उपाय तीन आहेत आणि तिघांची कामे निराळी आहेत.

पहिला उपाय वीजपुरवठादाराकडून येणारा. ग्राहकाच्या जागेत भूसंपर्काचे टोक पुरवठादाराने द्यावे आणि ते राखावे, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३३ व्या नियमात होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ते कलम आले. त्या विनियमांची जागा पुढे २०२३ च्या विनियमांनी घेतली. हे टोक धातूच्या मार्गाने डीपीपर्यंत गेलेले असले म्हणजे दोषाची वीज मातीतून चाचपडत न जाता धातूतून जाते, शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पडतो. आपल्या मीटरखोलीत असे टोक आहे काय, असल्यास आपली मुख्य पट्टी त्यास जोडली आहे काय, हे जाणत्याकडून पाहून घ्यावे. स्वतः हात घालू नये.

दुसरा उपाय प्रत्येक घराने करावयाचा. बाजारात अजूनही लोक ज्याला ईएलसीबी म्हणतात आणि दुकानदार आरसीसीबी म्हणून देतो, ते यंत्र. फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज यांचा ते सतत ताळा पाहते. आपल्या समाजाच्या खजिनदारांप्रमाणे, गेले किती आणि आले किती, एवढेच त्याचे काम. तीस मिलिअँपिअरची तूट आली की एक तृतीयांश सेकंदाच्या आत ते घराची वीज तोडते. तूट मोठी असेल तर त्याहून किती तरी लवकर. एमसीबीला जे १९ अँपिअर दिसले नाहीत, ते या यंत्राला सहाशेपटींहून मोठे दिसतात. माणसाने एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर मात्र ते काही करू शकत नाही, कारण ताळा बरोबर जमतो. ही त्याची मर्यादा ध्यानात असावी. त्यावर ‘टी’ असे अक्षर असलेले एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. यंत्र पडले तर ठीक; न पडले तर बदलावे.

या यंत्राविषयी एक तक्रार नेहमी येते : ‘ते सारखे पडते, म्हणून वायरमनने काढून टाकले.’ आम्ही अशी अनेक घरे पाहिली. सारखे पडण्याचे कारण बहुधा यंत्रात नसते. जिन्यातील दिव्याचा फेज एका मीटरवरून आणि न्यूट्रल दुसऱ्याच्या घरातून घेतलेला असतो. इन्व्हर्टरचा न्यूट्रल दोन घरांत मिसळलेला असतो. किंवा सॉकेटमधील न्यूट्रल आणि अर्थिंग एका लहानशा तुकड्याने जोडून टाकलेले असते. हा शेवटचा प्रकार तर केवळ घातक आहे. वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला की त्या तुकड्याच्या वाटेने फेजचा दाब फ्रिजच्या अंगावर येतो. यंत्र पडते ते आपल्यास हेच सांगण्यासाठी. सांगणाऱ्याचे तोंड बंद करून घर सुरक्षित होत नाही.

तिसरा उपाय सर्वांत कमी परिचित आहे. पक्षी एकाच तारेवर बसतो तेव्हा त्याला धक्का बसत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. इमारतीतही हेच साधावयाचे. पाण्याचे लोखंडी नळ, लिफ्टचे रूळ, पंपाचा सांगाडा, जेथे नळाने गॅस आला आहे तेथे गॅसची नळी, खांबांतील सळया, गच्चीवरचा सौर बंबाचा सांगाडा, हे सारे जाड तारेने जोडून खाली एकाच तांब्याच्या पट्टीवर आणावे आणि ती पट्टी खड्ड्याशी जोडावी. मग दोष कोठेही उद्भवो, माणसाच्या हाताखालचा नळ आणि पायाखालची जमीन यांच्या दाबांत फार अंतर पडत नाही. कारागीर याला बाँडिंग म्हणतात. अर्थिंग वीज वाहून नेते. बाँडिंग अंतर मिटविते. आमच्या मोरीच्या फरशीखालील सळया नळाशी जोडलेल्या असत्या, तर ताईंच्या हातापायांत तो दाब उभाच राहिला नसता.

सौर बंबाचा उल्लेख मुद्दाम केला. कोल्हापुरात गच्चीगच्चीवर हे बंब दिसतात आणि पावसाळ्यासाठी बहुतेकांत विजेची कॉईल बसविलेली असते. उन्हाळाभर तिला कोणी विचारीत नाही. आषाढ लागला की बटण दाबले जाते. आठ महिने निजलेली कॉईल, वर पाऊस, खाली लोखंडी नळ. आमच्याकडे येणाऱ्या मुंग्यांच्या तक्रारी आषाढ-श्रावणात वाढतात, त्याचे हे एक कारण. वळवाच्या दिवसांत विजा पडतात, म्हणून गच्चीवर वीजरोधक बसविलेला असेल तर त्याचीही खालची पट्टी मुख्य पट्टीस जोडलेली असावी. वेगळी ठेवली तर वीज पडते त्या क्षणी दोहोंत प्रचंड दाबाचे अंतर पडते. लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांच्या मोटारींना अर्थिंगच्या दोन स्वतंत्र पट्ट्या असाव्यात, हाही जुना नियम आहे. आम्ही पाहिलेल्या इमारतींत एक सापडली तरी आम्ही समाधान मानतो.

आता आपल्या पेठेच्या भूमीविषयी. खड्ड्याची योग्यता मातीवर असते. कोल्हापूरची भूमी काळ्या पाषाणाची. पाषाण विजेला सहज वाट देत नाही. परंतु हे शहर तळ्यांचेही होते. ज्या गांधी मैदानावर आपण सभा आणि सामने पाहिले ते वरुणतीर्थाच्या जागी आहे. पेटाळ्याचे मैदानही तळे बुजवून झालेले. त्यामुळे पेठेत पन्नास पावलांवर माती बदलते. एका इमारतीचा खड्डा ३ ओम दाखवितो आणि समोरचा, त्याच कंत्राटदाराने त्याच मापाचा केलेला, ४० दाखवितो. म्हणून ‘शेजारच्यांनी केले तसेच करा’ असे सांगू नये. मोजावे. अर्थ टेस्टर नावाचे यंत्र असते. त्यातून दोन खिळे ठराविक अंतरावर जमिनीत ठोकून खड्ड्याचा विरोध काढतात. तो चैत्र-वैशाखात मोजावा, जमीन कोरडी ठणठणीत असताना. श्रावणात मोजलेला खड्डा पाहुण्यांसमोरच्या मुलासारखा असतो. तेव्हा सारेच गुणी दिसतात. नव्या जोडणीच्या वेळी द्यावयाच्या चाचणी अहवालात या विरोधाचा आकडा लिहावा लागतो. ज्या खड्ड्यात अजून नळीच उतरविलेली नव्हती त्याचा आकडा लिहिलेला अहवालही आम्ही या डोळ्यांनी पाहिला आहे.

खड्डा कसा असावा यासाठी भारतीय मानक ३०४३ आहे. ते प्रथम १९६६ साली निघाले, १९८७ आणि २०१८ साली सुधारले गेले. नळीचा खड्डा असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली किमान ३८ मिलिमीटर व्यासाची, अडीच मीटर लांबीची नळी. पत्र्याचा असेल तर ६० सेंटिमीटर चौरस पत्रा. भोवती कोळसा आणि मीठ घालण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. मीठ विरोध कमी करते हे खरे; पण तेच नळीला खाते, हेही खरे. दहा-बारा वर्षांनी नळी उपसून पाहिली तर कधी-कधी नुसती गंजाची कांडी हाती येते. एका खड्ड्याने भागत नसेल तर दुसरा करावा, मात्र पहिल्यापासून निदान नळीच्या लांबीइतका दूर. चिकटून केलेले दोन खड्डे दीड खड्ड्याइतकेही काम करीत नाहीत.

आपल्यातील ज्या बंधूंचे वाडे आता नव्याने बांधावयास निघाले आहेत, त्यांस एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती पायाच्या वेळीच करता येते, नंतर नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील ऍरिझोनाच्या रखरखीत प्रदेशात दारूगोळ्याची कोठारे बांधली जात होती. तेथे जमिनीत ओल नाही, खड्डे निकामी. हर्बर्ट उफर नावाच्या अभियंत्याने पायाच्या काँक्रीटमधील सळयांनाच अर्थिंग म्हणून जोडले. काँक्रीट जमिनीतील ओल धरून ठेवते आणि त्याचा मातीशी स्पर्श विस्तीर्ण असतो, म्हणून ते उत्तम चालले, आणि वर्षानुवर्षे मोजूनही चांगलेच ठरले. आज अनेक देशांत ही रीत रूढ आहे. आपल्या काळ्या पाषाणालाही ती मानवेल. पायाच्या सळयांस एक पट्टी पक्की जोडून तिचे टोक मीटरखोलीत वर काढून ठेवावे, एवढेच. कंत्राटदार ‘त्याची काय गरज’ असे म्हणेल. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन पट्टी पाहावी.

पुराविषयी दोनच शब्द. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ५५ फुटांची रेषा ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पेठेचा बराच भाग उंचावर असला तरी आपले कित्येक आप्त नदीकाठच्या वस्त्यांत राहतात. पाणी ओसरल्यावर घर धुऊन घेण्याची घाई होते. ज्या बोर्डात पाणी शिरले तो वाळला असे वरून दिसले तरी आतून वाळलेला नसतो. वायरमनने मोजून पाहिल्याखेरीज मेन लावू नये. विजेच्या धक्क्याने २०२१ या एका वर्षात देशात १२ हजारांहून अधिक माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. यांतील सर्व काही अर्थिंगअभावी गेली असे नव्हे. पण आम्हांस त्या आकड्यात त्या मोरीतल्या ताई दिसतात. त्या वाचल्या, म्हणून त्यांची कोठेही नोंद नाही.

असो. घड्याळाकडे अध्यक्षांनी दोनदा पाहिले आहे. एक निवेदन करून बसतो. ज्या सभागृहात आपण बसलो आहोत त्याचे अर्थिंग आम्ही आज सकाळी अर्थ टेस्टर आणून मोजले. खड्डा शोधण्यासच पाऊण तास गेला. तो मुदपाकखान्यामागे लाकडांच्या ढिगाखाली सापडला. विरोध ३१ ओम आला. चार घागरी पाणी ओतल्यावर २२ झाला. मुदपाकखान्यात वाटणाचे मोठे यंत्र आहे, लग्नकार्यात स्त्रिया ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून ते चालवितात, आणि सभागृहाच्या बोर्डात आरसीसीबी नाही. कार्यकारिणीच्या मंडळींशी बोलणे झाले आहे. यंत्र आजच बसणार आहे आणि दुसरा खड्डा सोमवारी खणावयास घेत आहोत. जागा पूर्वेच्या भिंतीपासून दीड मीटर सोडून आखून ठेवली आहे, तेथे कृपया कोणी वाहन लावू नये. खड्डा मोजून होईपर्यंत वाटणाच्या यंत्राचा प्लग आम्ही काढून चिटणीसांकडे दिला आहे. त्यामुळे आजच्या भोजनातील तांबड्या रश्शाचे वाटण तीन घरांतून वाटून आणावे लागले आणि पंगतीस अर्धा तास उशीर होईल. त्याचा दोष स्वयंपाक्यांस देऊ नये. तो आमचा आहे.